लॉगिन स्क्रिप्ट लावण्याआधी: डोमेन कॉम्प्युटर्सला रीड दिलंय का?

विंडोज डोमेनवर (मशीन्स आणि खाती एकाच ठिकाणाहून सांभाळली जातात ते जाळं) साध्या युजरच्या मशीनला स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लावायची, तर आधी तिचे दोन भाग करा. लॉगॉन स्क्रिप्ट युजर लॉगिन करतो तेव्हा, त्याच्याच हक्कांनी चालते. त्याला हाताने जे जमत नाही ते तिलाही जमणार नाही. ड्राइव्ह जोडणं तिथे ठेवा. प्रिंटरही चालेल, पण ड्रायव्हर मशीनवर आधीच बसलेला हवा, कारण ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून तो बसवायला ॲडमिन लागतो. सॉफ्टवेअर, सर्व्हिस, एचकेएलएममधली (रजिस्ट्रीचा अख्ख्या मशीनला लागू होणारा भाग) नोंद हे सगळं स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये. ती मशीन सुरू होताना, सिस्टिम (विंडोजचं स्वतःचं खातं) म्हणून चालते.

आता मागच्या वेळी स्क्रिप्ट लावताना माझ्याकडून राहिलेली गोष्ट. सिस्टिम नेटवर्कवर जाते ती मशीनच्या खात्याने, म्हणजे नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलेल्या खात्याने. शेअरवरून (स्क्रिप्टची फाइल ठेवलेलं नेटवर्कवरचं फोल्डर) एव्हरीवन काढून डोमेन युजर्स टाकलं, की मशीन बाहेर! ते त्या ग्रुपमध्ये नसतंच, ते असतं डोमेन कॉम्प्युटर्स या मशीनच्या खात्यांच्या ग्रुपमध्ये. डोमेन कॉम्प्युटर्सला रीड द्या. शेअर परमिशनमध्ये द्या आणि एनटीएफएसमध्येही (फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्या) द्या. एकीकडे दिलं तर उपयोग नाही. चूक लक्षात येत नाही, कारण मशीन सुरू होताना 'ॲक्सेस डिनाइड' बघायला स्क्रीनसमोर कुणी नसतं, आणि नंतर तीच फाइल आपण हाताने चालवली की व्यवस्थित चालते.

ग्रुप पॉलिसीवरही (स्क्रिप्ट मशीनला लावणारी डोमेनची सेटिंग) तेच. सिक्युरिटी फिल्टरिंगमधून (पॉलिसी कुणाला लागू ते ठरवणारी यादी) ऑथेंटिकेटेड युजर्स काढलं असेल, तर डेलिगेशन टॅबमध्ये डोमेन कॉम्प्युटर्सला रीड द्या. जून २०१६ च्या अपडेटनंतर युजरची पॉलिसीसुद्धा मशीनच्या खात्याने वाचली जाते. म्हणजे शेअर, एनटीएफएस, पॉलिसी: तिन्हीकडे डोमेन कॉम्प्युटर्स.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. कुठलाच नाही, 'तात्पुरता' म्हणूनही नाही. नेटलॉगॉनमधली (लॉगॉन स्क्रिप्ट ठेवायचा डोमेनचा शेअर) फाइल डोमेनवरचा कुणीही उघडून वाचू शकतो.

स्क्रिप्टमध्ये पॉज किंवा हो-नाही विचारणारी ओळ ठेवू नका. उत्तर द्यायला समोर कुणी नसतं, आणि मशीन ६०० सेकंद तिथेच अडकून बसतं. शेअरचा पत्ता पूर्ण लिहा. ड्राइव्हचं अक्षर मशीन सुरू होताना जोडलेलंच नसतं.

चाचणी ॲडमिन खात्याने करू नका, त्यातून काहीच कळत नाही. लॉगॉनसाठी साधा युजर घ्या. स्टार्टअपसाठी पीएसएक्झेकला (दुसऱ्या खात्याने कमांड चालवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) 'एस' पर्याय लावून सिस्टिमची खिडकी उघडा आणि तिथून शेअरवर डिर (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारा. यादी दिसली नाही, तर परत डोमेन कॉम्प्युटर्स तपासा.

बाकी थोडक्यात: विंडोज ८.१ पासून लॉगॉन स्क्रिप्ट पाच मिनिटं उशिरा धावते, तो डिले शून्य करा. 'नेटवर्कची वाट पाहा' ही पॉलिसी चालू करा. फास्ट स्टार्टअप असेल तर शटडाउन नको, रीस्टार्ट. लॉग, म्हणजे स्क्रिप्टने काय केलं त्याची नोंद, टेम्प फोल्डरमध्ये. आधी दोन-तीन मशीनवर लावा, जीपीरिझल्ट (कुठली पॉलिसी लागू झाली ते दाखवणारी आज्ञा) बघा, मग सगळीकडे.