निवडणुकीत स्वयंसेवक म्हणून मतदारांना फोन कसे करावेत

उमेदवाराचं काम पटतं, त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं, पण नोकरी आणि घर सांभाळून उन्हातान्हात दारोदार फिरणं जमत नाही. अशांनी फोनचं काम जरूर मागून घ्यावं. रेकॉर्ड केलेला आवाज लोक पहिल्याच शब्दाला कापतात. पण "मी इथलीच, टाकीच्या मागच्या सोसायटीत राहते" असं कोणी म्हणालं की ऐकून घेतात. आपल्याच भागातला माणूस पैसे न घेता फोन करतोय, याला वजन असतं.

१. आधी कार्यालयात जाऊन यादी समजून घ्या

प्रचार कार्यालयातून तुम्हाला एका बूथची यादी मिळेल. त्यात भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, वय असतं. आयोगाच्या मतदार यादीत फोन नंबर छापलेले नसतात, म्हणून हे नंबर कुठून आले ते विचारा. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, विचारून घेतले असतील तर उत्तम. तुमच्या ऑफिसमधले, बँकेतले किंवा मुलांच्या शाळेतले नंबर मात्र कधीच वापरू नका. लोकांनी ते मतांसाठी दिलेले नाहीत.

२. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा

लोकसभा-विधानसभेच्या अर्जासोबत उमेदवार मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे सांगणारं प्रतिज्ञापत्र देतो. आयोग ते सगळ्यांसाठी खुलं करतो. मतदार तुम्हाला त्यावरूनच विचारणार. "त्यांच्यावर केस आहे ना?" या प्रश्नाला "असं काही नाही" म्हणून मोकळं होण्याआधी ते खरं आहे का, हे तुम्हाला ठाऊक हवं. उत्तर येत नसेल तर विचारून कळवते म्हणा आणि खरंच कळवा.

३. फोन लावा

सकाळी दहानंतर, नाहीतर संध्याकाळी. दुपारची झोप मोडू नका, रात्री साडेआठनंतर फोन नको. सुरुवात साधी ठेवा: "नमस्कार काकू, मी अमुक बोलतेय. तमुक उमेदवारासाठी स्वयंसेवक म्हणून फोन केलाय. दोन मिनिटं बोलू का?" नको म्हणाल्या तर आभार मानून ठेवून द्या आणि यादीत तशी खूण करा, म्हणजे दुसरं कोणी त्यांना पुन्हा छळणार नाही.

मग बोलण्यापेक्षा ऐका. गटार, पाणी, बंद पडलेली बस, काय असेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. "निवडून आल्यावर करून देऊ" हे वचन तुम्ही द्यायचं नाही. ते द्यायचा अधिकार उमेदवाराचा. विरोधक निघाला तर वाद घालू नका. फोनवर वाद जिंकून मत मिळालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जात, धर्म, भाषा यांच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरतं. "आपलाच माणूस आहे" असं सुचवून बोलायला कोणी सांगितलं तर स्पष्ट नकार द्या. याच कलमात मतदारांना फुकट वाहनाने केंद्रावर नेणंही येतं. आजीबाई मायेने विचारतात, "गाडी पाठवशील ना रे?" त्यांना हो म्हणू नका. त्याऐवजी ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांग मतदारांना घरून मतदान करता येतं, हे वेळेत सांगा. विधानसभा-लोकसभेला त्यासाठी १२-ड नमुन्यातला अर्ज अधिसूचनेपासून ५ दिवसांत द्यावा लागतो. म्हणून ज्येष्ठांचे फोन सगळ्यात आधी करा.

४. नोंद खरी करा

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. आपल्याकडे माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. "हो हो, तुम्हालाच!" हे चारही पक्षांना ऐकवलं जातं. म्हणून पुढचा प्रश्न विचारा: "मतदानाला कधी जाणार? सकाळीच का?" ज्याचं ठरलेलं असतं तो पटकन सांगतो. चाचपडला तर त्याला "आपला" लिहू नका, "काठावरचा" लिहा.

घरातले दादा म्हणतात, "आमची पाचही मतं तुम्हाला." नोंद फक्त त्यांच्या एका मताची करा. वहिनींशी, सासूबाईंशी वेगळं बोला. त्यांची मतं त्यांची आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. मयत, स्थलांतरित, दुबार अशा नावांवरही खूण करा. उमेदवाराला खूश करणारी खोटी यादी मतदानाच्या दिवशी दगा देते.

५. नाव आहे का, ते तपासायला सांगा

मतदार ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं नव्हे. आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या हेल्पलाइनवर खात्री करता येते. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की नवं नाव चढत नाही. परदेशातले नातेवाईक मतदार असतील तर त्यांना प्रत्यक्ष इथे यावं लागतं. महापालिकेला, मुंबई सोडून, प्रभागात एकापेक्षा जास्त जागा असतात आणि तितकीच मतं द्यायची असतात. हे फोनवर शांतपणे समजावून सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

६. शेवटचे दोन दिवस

मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, प्रचार १८ च्या संध्याकाळी ६ ला थांबला. त्यानंतर मत मागणारे फोन बंद ठेवा. केंद्र कुठलं, ओळखपत्र कोणतं चालतं, एवढंच सांगा. "सुट्टी नाही" म्हणणाऱ्याला सांगा, मतदानासाठी भरपगारी सुट्टी कायद्यात आहे.

मतदानाच्या दिवशी दुपारनंतर पुन्हा यादी घेऊन बसा आणि ज्यांनी अजून मत दिलेलं नाही त्यांना आठवण करा. वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्यांना मत देऊ दिलं जातं, त्यामुळे साडेपाचला केलेला फोनही उपयोगी पडतो.