घशात पू नव्हता, म्हणून मी थांबले

लहान मुलांच्या कॅन्सरकडे वळायचंय असं म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण मला दोनच गोष्टी विचारतो: परीक्षा कशी काढायची आणि संशोधनाचे पेपर किती लागतात. मीही तेच विचारत हिंडले. वैद्यकीय पदवी, मग बालरोग, मग अतिविशेष शिक्षण ही वाट तुम्हाला ठाऊक आहेच. लांब आहे, एवढंच म्हणते.

मी घसरले ती बालरोगाच्या वर्षांत. पुढे ल्युकेमियाच, म्हणजे रक्ताचा कॅन्सरच बघायचाय, मग ओपीडीतल्या सर्दी-तापात कशाला वेळ घालवायचा, असा माझा तोरा. फिलाडेल्फिया क्रोमोसोमवर, म्हणजे काही ल्युकेमियांत सापडणाऱ्या बिघडलेल्या गुणसूत्रावर, मी तासभर बोलू शकत होते.

एके रात्री केमो होऊन दहा दिवस झालेलं एक मूल आलं. ताप ३८.४ अंश सेल्सिअस. पलंगावर बसून चित्र रंगवत होतं. घसा स्वच्छ, छाती स्वच्छ. मी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टसाठी थांबले. सिस्टरांनी दोनदा विचारलं, "डॉक्टर, अँटिबायोटिक भरू का?" दोन्ही वेळा मी नको म्हटलं. दोन तासांत मुलाचे हात गार पडले, आयसीयूत न्यावं लागलं. मूल वाचलं, त्यात माझं श्रेय शून्य.

हे नीट समजून घ्या. पू म्हणजे बहुतांशी मेलेले न्यूट्रोफिल, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या पेशींची संख्या तळाला जाते. पेशीच नाहीत तर पू येणार कुठून? बरेचदा एक्स-रेत न्यूमोनिया उमटत नाही, लघवीत पू-पेशी सापडत नाहीत. जंतू रक्तात असू शकतात, आणि हाती पुरावा फक्त तापाचा. म्हणून एकदाच ३८.३ किंवा तासभर ३८ अंश सेल्सिअस ताप, आणि न्यूट्रोफिल रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली असण्याची शंका, एवढं पुरे: ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) घ्या, तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा. रिपोर्ट मागून येऊ दे. ताप गुदद्वारातून मोजू नका. घरी पॅरासिटामॉल दिलं होतं का, हे विचाराच, नाहीतर थर्मामीटर फसवतो. बीपी छान आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मुलांचं बीपी सगळ्यात शेवटी कोसळतं; त्याआधी नाडी धावते, हातपाय गार पडतात. ही नजर ओपीडीतल्या शेकडो साध्या तापांवर बसते. तीच मी टाळली होती.

तयार नोट्सवर परीक्षा निघते, नजर येत नाही. आणि पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी पेपरात सहावं नाव लागावं म्हणून तक्ते भरत बसणं मला तरी वेळेची नासाडी वाटते. मार्गदर्शकही पेपरांची यादी बघून निवडू नका. आजार उलटलाय हे आईवडिलांना सांगताना ते तुम्हाला खोलीत बसू देतात का, तेवढं बघा.

घाबरलात? नका घाबरू. १९४८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने मुलांचा ल्युकेमिया मागे हटल्याचं दाखवलं, तेव्हा तो थोड्याच काळात परतायचा. आज चांगल्या सोयी असतील तिथे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची, म्हणजे मुलांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ल्युकेमियाची, दहापैकी साधारण नऊ मुलं बरी होतात. उपचार दोन-तीन वर्षं चालतात; दुधाचे दात पडून नवे येतात ते तुमच्या डोळ्यांदेखत. दहावं मूलही तुमचंच असतं. त्याची तयारी माझी अजून झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या सिस्टरांची माफी मागितली. "पुढच्या वेळी दुसऱ्यांदा विचारायची वेळ आणू नका," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या पलंगावरचा ताप मोजायला गेल्या.