स्वतः गायलेल्या अभंगावर कॉपीराइट क्लेम आला तर

भजनी मंडळाने स्वतः गाऊन-वाजवून तुकोबांचा अभंग यूट्यूबवर टाकला, तरी त्यावर एखाद्या म्युझिक कंपनीचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. कंपनीने दिलेल्या फाइलींशी प्रत्येक अपलोड ताडून पाहणारी कंटेंट आयडी ही यंत्रणा 2007 पासून आहे. ती नुसतं रेकॉर्डिंग ओळखत नाही, चालही ओळखते. मोठा संग्रह असलेल्या हक्कधारकांनाच ती मिळते; तुमचा व्हिडिओ कुणी उचलला तर तुम्हाला मात्र वेब फॉर्म भरत बसावं लागतं.

आधी क्लेम आहे की स्ट्राइक (कॉपीराइट भंगाबद्दल चॅनेलवर लागणारा ठपका) ते पाहा. क्लेमने चॅनेलला धोका नसतो. जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळतात किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो. 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले तर मात्र चॅनेल बंद होऊ शकतं. इथेही भेद आहेच: पार्टनर प्रोग्रॅममधल्या, म्हणजे यूट्यूबकडून कमाई करणाऱ्या, चॅनेलला तिसऱ्या स्ट्राइकनंतर बंद होण्याआधी सात दिवसांची सवलत असते, बाकीच्यांना नाही.

यूट्यूब स्टुडिओत (चॅनेल सांभाळायच्या पानावर) ‘कंटेंट’ उघडा, व्हिडिओसमोरच्या ‘कॉपीराइट’वर जा आणि तपशिलात क्लेम कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत आहे, रेकॉर्डिंगवर आहे की चालीवर, ते नीट वाचा. बहुतेकांची चूक इथेच होते. अभंगाचे शब्द सतराव्या शतकातले, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल, तर भारतीय कायद्यानुसार त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो. अशा वेळी ‘संतांचा अभंग आहे’ एवढ्यावर डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवरची हरकत, टिकणार नाही. चाल खरोखर पारंपरिक वारकरी असेल तरच लढा. रेडिओवर ऐकून बसवलेली असेल तर क्लेम राहू द्या, नाहीतर तेवढा भाग कापा किंवा म्यूट करा.

चॅनेलवर कमाई चालू असेल तर डिस्प्यूट पाच दिवसांच्या आत टाका. तसं केलं तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. उशीर झाला तर डिस्प्यूटच्या दिवसापासूनचेच. मजकूर साध्या इंग्रजीत आणि चार-पाच ओळींत लिहा: गायक-वादक कोण, रेकॉर्डिंग कुठे आणि कधी झालं, शब्द कुणाचे, चाल कशी पारंपरिक आहे. ‘आम्ही गरीब मंडळ आहोत’, ‘क्रेडिट दिलंय’, ‘पैसे कमवत नाही’ याचा काही उपयोग नाही. मूळ ऑडिओ फाइली आणि एकत्र करण्याआधीचे वेगवेगळे ट्रॅक जपून ठेवा.

आता गंमत बघा: डिस्प्यूट तपासतो कोण? ज्याने क्लेम केला तोच. त्याला 30 दिवस असतात. उत्तर दिलं नाही तर क्लेम सुटतो. नाकारला तर अपील, ज्यावर त्याला सात दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. अपिलाचा पर्याय हवा तर मोबाइल नंबरची पडताळणी आधीच करून ठेवा. व्हिडिओ पूर्ण ब्लॉक असेल तर डिस्प्यूटची पायरी गाळून थेट अपील करता येतं.

अपिलानंतरही कंपनी हटली नाही, तर तिला व्हिडिओ काढण्याची रीतसर मागणी करावी लागते, आणि ती वैध ठरली की तुम्हाला स्ट्राइक बसतो. म्हणून अपील हौसेने करू नका. स्ट्राइकवर काउंटर नोटिफिकेशन (व्हिडिओ परत आणण्याची कायदेशीर मागणी) देता येतं, पण त्यातलं तुमचं नाव-पत्ता समोरच्याकडे जातं. त्यानंतर कामकाजाच्या 10 दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा कंपनीने दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. वकिलाला विचारायचं तर फॉर्म भरण्याआधी विचारा.

पुढच्या वेळी व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असा) ठेवून चढवा. अपलोडच्या ‘चेक्स’ टप्प्यावर जुळणी दिसली, तर लोकांना लिंक पाठवण्याआधीच चाल बदलता येते.