वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच गावाच्या अनेक नोंदी झाल्या असतील तर

आमच्या घराण्याच्या वंशावळीत बेळगाव सात वेळा होतं. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचं 'ता. जि. बेळगाव' आणि इंग्रजीतली दोन स्पेलिंगं. सॉफ्टवेअरच्या लेखी ही सात वेगळी गावं, त्यामुळे बेळगावात जन्मलेली माणसं शोधली की निम्मीअधिक सापडतच नसत. सीमाभागात हे व्हायचंच. घरातले कागद मराठी, जमिनीचा उतारा कन्नड, पणजोबांचे कागद मोडीत.

मी ग्रॅम्प्स वापरते. ते मोफत आहे. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेनूची नावं बदलतील, काम हेच.

सगळ्यात आधी बॅकअप घ्या. पूर्ण वंशावळ एक्सपोर्ट करा आणि फाईलच्या नावात तारीख घाला.

मग ठिकाणांची यादी उघडून नावाप्रमाणे लावा आणि सावकाश वाचा. येळ्ळूर, येळूर, यळ्ळूर अशी नावं लगेच नजरेत भरतात. फसवतात ती हुबेहूब दिसणारी. माझ्याकडे दोन 'निपाणी' होत्या, अक्षरन् अक्षर सारखी. एकीच्या शेवटी कर्सर नेला तेव्हा कळलं, 'णी'नंतर एक मोकळी जागा टाईप झाली होती.

आता सर्वांत जपून करायचं काम: सारखं नाव म्हणजे एकच गाव, असं धरू नका. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन गावं आहेत. कागदावर बी. के., के. एच. एवढाच फरक असतो. मी घाईत ती एक केली आणि आजीचं माहेरच बदलून गेलं. महिन्याभराने चूक लक्षात आली, तोवर अनडू करण्याची सोय उरली नव्हती. एकेक दाखला पुन्हा काढून बघावा लागला. खानापूरही तसंच, एक आपल्या जिल्ह्यातलं, दुसरं सांगली जिल्ह्यातलं. खात्री नसेल तर दोन्ही नोंदी राहू द्या आणि घरातल्या जाणत्या माणसाला विचारा.

खात्री पटली की कंट्रोल दाबून दोन नोंदी निवडा, एडिट मेनूतून मर्ज घ्या आणि कुठली ठेवायची ते सांगा. एका वेळी दोनच होतात. सात असतील तर सहा वेळा करा. जुनी नावं मात्र पुसू नका, ती पर्यायी नावांत हवीतच. पुढे कुणी नातू 'बेलगाम' लिहिलेला कागद घेऊन आला तर त्याला गाव सापडलं पाहिजे. मुख्य नाव मी बेळगावच ठेवलं, कारण आमच्या घरात तेच बोलतात. 'बेळगावी'पुढे १ नोव्हेंबर २०१४ ही तारीख घातली, त्या दिवसापासून सरकारी नाव ते झालं.

राज्यासाठी वेगळं गाव तयार करू नका. गाव एकच, ते कशात मोडत होतं ते तारखांनी बदला. ब्रिटिश अमलात मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य, १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक. चंदगडचं उलट: १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा, नंतर कोल्हापूर. बेळगावचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, तेही लिहा.

शेवटी उरलेली नोंद उघडून संदर्भांचा टॅब बघा. त्या गावाला जोडलेले सगळे जन्म, लग्नं, मृत्यू तिथे दिसतात. तिथे एखादं अनोळखी नाव दिसलं तर पुढचं मर्ज करण्याआधी त्याचा कागद काढा.