उपकरणाची पाटी वाचून अँपिअर कसे काढावेत

सोलापुरात उन्हाळ्यात पाणी येऊन गेले की हौदातले पाणी वरच्या टाकीत चढवण्यासाठी गल्लीतल्या मोटारी जवळजवळ एकदमच सुरू होतात. घरोघरी कूलर चालू असतातच, आणि मग दिवे मंद होतात. अशा वेळी तारांवर नेमके काय घडते, हे व्होल्ट, अँपिअर आणि वॅट या तीन आकड्यांचे नाते कळले की आपले आपल्याला समजते.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. घरगुती सिंगल फेज जोडणीत तो २३० धरला जातो. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. म्हणून उपकरणाच्या पाटीवरील वॅटला २३० ने भागावे. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते, २००० वॅटचा गिझर ८.७, तर ७५ वॅटचा पंखा जेमतेम ०.३. लहान पिनांचे सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठ्या पिनांचे १६ अँपिअरचे असते, त्यामुळे गिझर कुठे जोडायचा हे या भागाकारावरूनच ठरते.

आमच्या घरी एकदा ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड आणि इस्त्री एकत्र लावली गेली. करपल्यासारखा वास आला म्हणून प्लग ओढला, तर पिनेच्या भोकाभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन सुरकुतले होते. २५०० वॅट म्हणजे जवळपास ११ अँपिअर. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६ अँपिअरला जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या तिपटीहून अधिक उष्णता त्या बोर्डात निर्माण होत होती. एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, पडला नाही, कारण तो भिंतीतल्या जाड वायरीच्या हिशेबाने १६ अँपिअरचा बसवलेला होता. बोर्डाच्या बारीक वायरीची राखण तो करू शकत नव्हता. त्याच कारणाने, फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणे हा अत्यंत घातक उपाय आहे, हे मी कळकळीने सांगतो.

आता मंद दिव्यांकडे येऊ. व्होल्टेज १८० वर आले की २००० वॅटचा गिझर सुमारे १२०० वॅटच घेतो. पाणी उशिरा तापते, बाकी नुकसान नाही. मोटारीचे मात्र उलट आहे. तिला तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असल्याने दाब कमी पडताच ती प्रवाह जास्त ओढते, आतले वाइंडिंग (तारेचे वेटोळे) तापते आणि शेवटी जळते. म्हणून दिवे फार मंद असताना मोटार बंद ठेवून अर्ध्या तासाने लावावी. शिवाय १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट हे मोटारीने बाहेर दिलेले काम असते. प्रत्यक्षात ती त्याहून बरीच जास्त वीज घेते आणि सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्यामुळे मोटारीच्या बाबतीत भागाकार न करता पाटीवर छापलेले अँपिअरच प्रमाण मानावेत. यंत्रमागाच्या कारखान्यातील थ्री फेज मोटारींना तर २३० चा हिशेब लागूच होत नाही.

बिलाचे गणित सोपे आहे. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट होते. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिटे, आणि २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला तर एक.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला एवढ्या जाड केबल का, याचे उत्तरही याच भागाकारात आहे. ३०० वॅटचा भार २३० व्होल्टवर सव्वा अँपिअरच्या आसपास असतो, पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी २५ अँपिअरहून अधिक प्रवाह निघतो. त्या केबलचे नट सैल राहिले तर तो सांधा तापतो. बॅटरीत पाणी भरताना, इन्व्हर्टर बंद करून, तेही तपासून घट्ट करावेत.