जुना कॉर्ग पॉलिसिक्स हाती आल्यावर या चुका टाळा

कॉर्ग कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेला पॉलिसिक्स हा ६१ पट्ट्यांचा, एका वेळी सहा स्वर वाजवणारा ॲनालॉग सिंथेसायझर (विद्युत सर्किटमधून आवाज घडवणारे वाद्य) पुण्यात आज क्वचितच पाहायला मिळतो. त्यामुळे तो हाती येताच प्लग लावून वाजवून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सर्वांत महाग पडणारी चूक तिथेच होते.

या वाद्यातील केएलएम-३६७ या नियंत्रण बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी असते आणि साठवलेले ३२ आवाज, म्हणजे त्यांच्या जुळण्या, तिच्या आधारावर टिकतात. इतक्या वर्षांत ती बहुधा गळलेली असते. तिच्यातील अल्कलीयुक्त द्रव बोर्डावरील तांब्याचे ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या बारीक रेषा, खातो, आणि पुण्याच्या पावसाळ्यातील दमट हवेत ही झीज अधिकच वेगाने पसरते. म्हणून आधी झाकण उघडून बॅटरी पाहावी. ती शाबूत असेल व वाद्य चालत असेल, तर टेपच्या जोडणीतून या सर्व जुळण्यांचा डेटा ध्वनिरूपात संगणकावर मुद्रित करून ठेवावा आणि मगच बॅटरी काढावी. गळती झालेली असल्यास व्हिनेगरने क्षार मारावा, डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या बोर्डाच्या हिरव्या संरक्षक लेपाखालीही ट्रॅक तुटलेले असू शकतात. त्यामुळे मल्टीमीटरने प्रत्येक ट्रॅक तपासल्याखेरीज काम झाले असे समजू नये.

नवी बॅटरी बसवताना चार्ज न होणारा लिथियम सेल थेट जोडणे धोक्याचे आहे, कारण मूळ सर्किट बॅटरीला सतत चार्ज करत राहते. चार्जिंगचा मार्ग तोडून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालावा आणि सेल बोर्डावर न बसवता वायरने दूर ठेवावा, म्हणजे पुढे कधी गळला तरी बोर्ड वाचेल.

बटणे दाद देत नाहीत, आवाज आपोआप बदलतात, अशा तक्रारी आल्या की अनेकजण एसएसएम २०४४ या फिल्टरच्या, म्हणजे आवाजाचा पोत घडवणाऱ्या भागाच्या, चिप्स बदलायला निघतात. या चिप्स दुर्मीळ आहेत. कारण नसताना त्यांना सोल्डरिंग आयर्न लावणे मला अक्षम्य वाटते. एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून पाहावी: बिघाड दर सहाव्या वेळी ऐकू आला, तर दोष एका व्हॉइसमध्ये, म्हणजे आळीपाळीने स्वर वाजवणाऱ्या सहा सर्किटांपैकी एकात, असण्याची शक्यता अधिक, सर्वच स्वर बिघडलेले असतील, तर प्रथम ३६७ बोर्डावरच संशय घ्यावा.

जपानी बाजारासाठी बनलेले वाद्य १०० व्होल्टचे असते. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते थेट लावले, तर वीजपुरवठ्याचा भाग जळतो. पुण्यातील तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या वस्तूंच्या बाजारात, ट्रान्सफॉर्मर घेताना ११० व्होल्टचा न घेता १०० व्होल्टचाच मागावा, आणि त्यापूर्वी वाद्याच्या मागील पट्टीवरचा आकडा वाचून घ्यावा.

पट्टी जोरात दाबूनही आवाज मोठा होत नाही, हा मात्र बिघाड नव्हे. पॉलिसिक्सला स्पर्शाचा जोर कळतच नाही. त्याचप्रमाणे सुरू केल्याबरोबर स्वर किंचित हलत असतील, तर लगेच आतील ट्रिमर, म्हणजे जुळवणीचे छोटे स्क्रू, फिरवू नयेत. याचे ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारे भाग, तापमानानुसार सरकतात, म्हणून वाद्य अर्धा तास चालू ठेवून मगच स्वर तपासावा.