मेडिकल इमेजिंगची पदवी करताय? या चुका टाळा

मेडिकल इमेजिंगच्या पदवीला आलेली मुलं पहिल्या वर्षी एकच प्रश्न सारखा विचारतात: 'छातीच्या एक्स-रेला केव्हीपी किती ठेवायचा?' (केव्हीपी म्हणजे एक्स-रे ट्यूबला दिलेलं कमाल व्होल्टेज, त्यावर किरणांची ऊर्जा ठरते.) आकडा मिळाला की तो वहीत उतरतो आणि विषय संपला असं वाटतं. पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगपर्यंत हे पाठांतर छान चालतं. मग समोर स्थूल शरीराचा, धड उभं राहता न येणारा पेशंट येतो. वहीतला आकडा लागू पडत नाही, इमेज बिघडते आणि ती का बिघडली ते काही केल्या सांगता येत नाही. परीक्षेत चार मार्क कमी पडण्यापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. कारण इथे 'पुन्हा एकदा काढू' म्हणायचं म्हणजे त्याच माणसाच्या शरीरातून दुसऱ्यांदा किरण पाठवायचे.

फिजिक्स फक्त 'काढायचं' म्हणून वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अ‍ॅनाटॉमी आवडीने वाचली जाते, पेशंटशी संबंध येतो म्हणून पोझिशनिंगही मन लावून केलं जातं आणि फिजिक्स मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकललं जातं. वास्तविक कन्सोलसमोर उभं राहिल्यावर तुम्ही जे काही करता, ते फिजिक्सच असतं.

साधं उदाहरण घ्या. एमए म्हणजे ट्यूबमधला विद्युतप्रवाह, त्याला सेकंदांनी गुणलं की एमएएस, म्हणजे किरणांचं प्रमाण. 400 एमए आणि 0.05 सेकंद, गुणाकार 20 एमएएस. 200 एमए आणि 0.1 सेकंद, तोही 20 एमएएस. डिटेक्टरच्या (किरण टिपून इमेज बनवणाऱ्या भागाच्या) दृष्टीने दोन्ही सारखेच. पण टेबलावर रडणारं लहान मूल असेल तर दुप्पट वेळात ते हललेलं असणार आणि हाडाची कड पुसट येणार. ज्याने फक्त 'एमएएस 20' पाठ केलं आहे, त्याला ही इमेज का हलली ते कळणार नाही. वेळ कमी करून एमए वाढवायला हवा होता, हे सुचणार नाही.

केव्हीपीचंही तसंच. तो साधारण 15 टक्क्यांनी वाढवला तर डिटेक्टरवरचं एक्स्पोजर एमएएस दुप्पट केल्याइतकं वाढतं. मग प्रत्येक वेळी केव्हीपीच का वाढवू नये? कारण ऊर्जा वाढली की फोटोइलेक्ट्रिक शोषण (किरण ऊतीत पूर्ण शोषला जाणं) झपाट्याने घटतं, कॉम्प्टन विखुरणाचा (किरण दिशा बदलून विखुरण्याचा) वाटा वाढतो आणि हाड नि मऊ ऊती यांच्यातला फरक फिका पडत जातो. हे कारण डोक्यात बसलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

अंतराचा वर्ग व्यस्त नियम (अंतर दुप्पट झालं की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते) सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण तो वापरून बघणारे थोडे. एखाद्या तपासणीला 100 सेंटिमीटरवरून 5 एमएएस पुरत असेल आणि तुम्ही ट्यूब 180 सेंटिमीटरवर नेलीत, तर साधारण 16 एमएएस लागतील. मग छातीला 180 सेंटिमीटर कशासाठी? हृदय जितकं आहे त्यापेक्षा मोठं दिसू नये म्हणून. पीए पोझिशनमध्ये, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडे जाताना, ते डिटेक्टरच्या जवळ येतं, ट्यूब लांब गेल्याने किरण जास्त समांतर होतात आणि विस्तार कमी होतो. अशी प्रत्येक संख्या 'का' विचारून उलगडून घ्या.

एमआरआयमध्ये मुलं ठरावीक जागी अडखळतात. ऊतीचा टी1 (चुंबकीय क्षेत्रात ती पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) हा एक गुणधर्म आहे आणि टी1-वेटेड इमेज (टी1 मधला फरक ठळक दाखवणारी) ही वेगळी गोष्ट आहे. टी1 जितका कमी, तितकी ती ऊती टी1-वेटेड इमेजवर जास्त उजळ. म्हणून चरबी तिथे पांढरी दिसते. टी2 (सिग्नल विरून जायला लागणारा वेळ) जितका जास्त, तितकी ती टी2-वेटेड इमेजवर उजळ. म्हणून पाणी तिथे चमकतं. हा उलटसुलट संबंध स्वतःच्या हाताने आलेख काढल्याशिवाय पक्का होत नाही.

इमेज छान दिसते म्हणजे एक्स्पोजर बरोबर, असं समजणं

फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची. चूक डोळ्यांना दिसायची. डिजिटल यंत्रणा तसं करत नाही. ती स्वतःच उजळपणा जुळवून देते. एक्स्पोजर कमी पडलं तर इमेज दाणेदार येते आणि सगळे नावं ठेवतात, जास्त झालं तर उलट गुळगुळीत, सुंदर येते आणि कुणी काही बोलत नाही. दाणे येतील या भीतीने विद्यार्थी हळूहळू एमएएस वाढवत जातो आणि पेशंटचा डोस नकळत चढत राहतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक इमेजसोबत येणारा एक्स्पोजर इंडेक्स (डिटेक्टरवर किती किरण पोचले ते सांगणारा आकडा) बघणं. त्याच्या जोडीला डिव्हिएशन इंडेक्स असतो. तो शून्य असेल तर लक्ष्याइतकंच एक्स्पोजर झालं. अधिक 3 म्हणजे दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मं. सवयच लावून घ्या: आधी इंडेक्स, मग इमेज.

मात्र इंडेक्सवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कन्सोलवर शरीराचा चुकीचा भाग निवडला असेल, किंवा सॉफ्टवेअरला कॉलिमेशनची (किरणांच्या क्षेत्राला घातलेल्या मर्यादेची) कड नीट सापडली नसेल, तर आकडा फसवा येतो. इंडेक्स विचित्र आणि इमेजही विचित्र असं दिसलं तर एमएएसला हात लावण्याआधी निवडलेला प्रोटोकॉल तपासा.

यातलीच आणखी एक वाईट सवय म्हणजे फील्ड (किरण पडणारं क्षेत्र) मोठं उघडं ठेवायचं आणि नंतर इमेज क्रॉप करून नीटनेटकी करायची. जो भाग क्रॉप झाला, त्यावर किरण पडून गेलेले असतात. शिवाय मोठ्या फील्डमुळे विखुरलेले किरण वाढतात आणि कॉन्ट्रास्टही जातो. डाव्या-उजव्या खुणेचंही असंच. शिशाचा मार्कर एक्स्पोजरच्या आधी फील्डमध्ये ठेवायचा. नंतर कर्सरने 'आर' चिकटवला की चूक व्हायला वाव राहतो आणि ती चूक थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत जाऊ शकते.

बिघडलेली इमेज न वाचताच रिपीट करणं

इमेज बिघडली की घाईघाईने पेशंटला थोडं इकडे-तिकडे हलवायचं आणि पुन्हा बटण दाबायचं. दुसरीही बिघडते, कारण पहिली का बिघडली ते कुणी पाहिलेलंच नसतं. बिघडलेली इमेज नीट वाचली तर काय बदलायचं ते तीच सांगते.

गुडघ्याच्या लॅटरल (बाजूने घेतलेल्या) इमेजवर हे अगदी स्पष्ट दिसतं. मांडीच्या हाडाचे खालचे दोन काँडाइल (गोलसर टोकं) एकमेकांवर बसायला हवेत. ते बसले नाहीत तर आधी बघा, सरकलेत कुठल्या दिशेला. एक पुढे आणि एक मागे असेल, तर पाय फिरलेला आहे, म्हणजे रोटेशनची चूक. एक वर आणि एक खाली असेल, तर ट्यूबचा कोन किंवा पायाचा उतार चुकलाय. पेशंट त्याच कुशीवर झोपलेला असताना आतल्या बाजूचा काँडाइल डिटेक्टरपासून लांब असतो आणि इमेजमध्ये खाली उतरतो. त्यासाठीच ट्यूब 5 ते 7 अंश डोक्याकडे झुकवतात. आता रोटेशन नेमकं कुठल्या बाजूला झालं? अ‍ॅडक्टर ट्यूबरकल (हाडावरचा छोटा उंचवटा) शोधा, तो ज्यावर आहे तो आतल्या बाजूचा काँडाइल. मग फिब्युलाचं (नडगीशेजारच्या बारीक हाडाचं) डोकं बघा. ते टिबियापासून (नडगीच्या हाडापासून) फार सुटं दिसत असेल तर पाय जास्त फिरलाय, फार झाकलं गेलं असेल तर कमी फिरलाय. एवढं वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि दुसरी इमेज अंदाजाने काढावी लागत नाही.

छातीच्या इमेजवर दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याच्या हाडांची) आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. नसतील तर पेशंट वळलेला होता. डायफ्रॅमच्या वर मागच्या बरगड्या मोजा. साधारण नऊ-दहा दिसल्या तर श्वास पुरेसा घेतला होता. कमी दिसल्या तर हृदय मोठं आणि फुप्फुसांचा तळ दाट भासेल, आणि निरोगी माणूस आजारी दिसेल. इथे आकडे बदलून काही होत नाही, श्वासाची सूचना नीट द्यावी लागते.

ग्रिडच्या (विखुरलेले किरण अडवणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांच्या जाळीच्या) चुका ओळखीच्या असतात. मधला पट्टा ठीक आणि दोन्ही कडा पांढऱ्या, तर फोकस्ड (पट्ट्या ट्यूबच्या दिशेने कललेल्या) ग्रिड उलटा लागलाय किंवा ट्यूबचं अंतर त्याच्या मर्यादेबाहेर आहे. वॉर्डात पोर्टेबल मशीनवर हे हमखास घडतं.

एक वही ठेवा. रिपीट झालेल्या प्रत्येक इमेजचं कारण आणि दुसऱ्या वेळी काय बदललं, एवढंच लिहायचं. पुढे व्हायवाला (तोंडी परीक्षेला) ही वही जितकी कामी येते तितक्या छापील नोट्स येत नाहीत.

अ‍ॅनाटॉमी फक्त समोरून शिकणं

सिटी आणि एमआरआयमध्ये शरीर आडव्या कापांत दिसतं आणि ते पायांकडून बघितल्यासारखं मांडलेलं असतं. म्हणून यकृत तुमच्या डाव्या हाताला येतं. पाठ्यपुस्तकातल्या रंगीत चित्रांवर वाढलेल्या नजरेला हे परकं वाटतं. एक रचना धरा आणि काप पुढे सरकवत तिचा माग काढा. महाधमनी कमानीपासून धरून चौथ्या लंबर (कमरेच्या) मणक्याजवळ ती दुभंगते तिथपर्यंत जा. रोज एक. महिन्याभरात फरक जाणवतो.

पोस्टिंगला जाऊन लॉगबुक भरणं

तपासण्यांची संख्या पूर्ण झाली म्हणजे शिकणं झालं, असं नव्हे. कोपऱ्यात उभं राहून सह्या गोळा करणाऱ्याला हात बसत नाही. ओळख पटवायची तर 'तुम्हीच ना पाटील?' असं विचारू नका. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही 'हो' म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा' असं विचारा आणि ते मागणीपत्राशी ताडून बघा.

दुखापत झालेल्या पेशंटला पुस्तकातल्या पोझिशनमध्ये बसवायचा हट्ट धरू नका. पेशंट हलवता येत नसेल तर ट्यूब हलवा. आडव्या किरणाने घेतलेल्या गुडघ्याच्या लॅटरलवर सांध्यात साचलेल्या चरबी नि रक्ताची पातळीही दिसते. ती लपलेल्या फ्रॅक्चरची खूण असते. इमेजवर काही दिसलं तरी पेशंटला निदान सांगू नका. मात्र गंभीर काही वाटलं तर वरिष्ठांना ताबडतोब सांगा, गप्प बसू नका.

सुरक्षितता 'माहीत आहे' म्हणून सोडून देणं

पोझिशनिंगचा सराव वर्गमित्रांवर करा, पण एक्स्पोजर मात्र फँटमवरच (शरीराच्या कृत्रिम प्रतिकृतीवर). अपवाद नाही. डोस बॅज (तुमच्यावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला) एक्स-रे रूममध्ये टांगलेल्या अ‍ॅप्रनला लावून घरी गेलात, तर महिनाअखेर आलेला आकडा तुमचा नसतो. एक्स्पोजर सुरू असताना खोलीत थांबावंच लागलं तर पेशंटपासून लांब राहा, विखुरलेले किरण तिथूनच येतात.

एमआरआयचा चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालू असतो. द्रव हेलियममध्ये साधारण उणे 269 अंश सेल्सिअसला ठेवलेलं त्या चुंबकाचं वेटोळं खोलीतला दिवा मालवला म्हणून थांबत नाही. 2001 मध्ये अमेरिकेत एमआरआय रूममध्ये आणलेल्या आणि चुंबकाने खेचलेल्या ऑक्सिजन सिलिंडरने सहा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. काल आत जाऊन आलात म्हणून आज खिसे तपासायचे राहू देऊ नका, आणि मदतीला धावून येणाऱ्या प्रत्येकाला दारातच थांबवायला शिका, मग तो कितीही वरिष्ठ असो.

मागे पडला असाल तर

सगळा अभ्यासक्रम पहिल्यापासून धरू नका. छातीचा पीए घ्या. त्याची पोझिशन, अंतर, केव्हीपी-एमएएस आणि त्यामागचं कारण, दिसणारी अ‍ॅनाटॉमी, इमेजच्या कसोट्या, हमखास होणाऱ्या चुका, व्हीलचेअरवरच्या पेशंटसाठी करायचे बदल, हे सगळं एका आठवड्यात संपवा. मग गुडघा घ्या, मग पोट. चौथ्या तपासणीपर्यंत फिजिक्सचे बरेच धडे तुमचे वाचून झालेले असतील. जिथे अडेल तिथला प्रश्न लिहून ठेवा आणि पोस्टिंगवर अनुभवी रेडिओग्राफरला विचारा. विचारायची वेळ मात्र पेशंट खोलीबाहेर गेल्यानंतरची.